दवाखान्याची जागा ठरवताना: नकाशावरची वर्तुळं आधी पुसा

प्रश्न थोडक्यात असा: एका संस्थेकडे पुढच्या काही वर्षांत तीन लहान दवाखाने काढण्याइतका पैसा आहे. काम करायचं त्या भागात वस्त्या विखुरलेल्या, उत्पन्न कमी आणि आरोग्यसेवा नावापुरती. त्यांनी आहेत त्या दवाखान्यांभोवती ५ किलोमीटरची वर्तुळं काढली, वर्तुळाबाहेर उरलेल्या भागात तीन ठिपके दिले. हे बरोबर आहे का, असं ते विचारताहेत.

ठिपके बरोबर निघतीलही, पण योगायोगाने. वर्तुळ काढताना तीन गोष्टी न ठरवताच गृहीत धरल्या गेल्या: लोक सरळ रेषेत येतात, सगळे सारख्या वेगाने येतात, आणि जवळ आलं की येतातच. तिन्ही चूक.

आधी अंतर. रस्त्याने मोजलेलं अंतर सरळ रेषेतल्या अंतराच्या साधारण १.२ ते १.४ पट भरतं, तेही रस्त्यांचं जाळं बरं असेल तर. मध्ये नदी, रेल्वेमार्ग किंवा कुंपण घातलेला महामार्ग आला की ते सहज दुप्पट-तिप्पट होतं, कारण ओलांडायची जागा एकच आणि तीही भलतीकडे. म्हणून किलोमीटर सोडा, मिनिटं धरा. मिनिटं धरताना चालणार कोण आहे, तेही ठरवा. धडधाकट माणूस सपाटीवर ताशी ५ किलोमीटर चालतो. कडेवर मूल घेतलेली बाई, दिवस भरत आलेली गरोदर बाई, गुडघे धरलेला म्हातारा यांचा वेग ताशी ३ धरला तरी पुष्कळ. एका तासाच्या चालीत ताशी ५ने सुमारे ७८ चौरस किलोमीटरचं वर्तुळ होतं, ताशी ३ने फक्त २८ चौरस किलोमीटरचं. म्हणजे ज्यांना दवाखाना सगळ्यात जास्त लागतो, त्यांच्या बाबतीत तुमच्या नकाशातलं जवळजवळ दोन तृतीयांश क्षेत्र गळून पडलं.

चढ असेल तर आणखी. भूगोलतज्ज्ञ वाल्डो टोब्लर यांनी १९९३ साली मांडलेलं चालण्याच्या वेगाचं सूत्र आजही वापरतात. त्यानुसार सपाटीवरचा ताशी ५चा वेग १० अंशांच्या चढावर ताशी २.७पर्यंत उतरतो, तोही ओझ्याशिवाय. हा हिशेब हाताने करायची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं ॲक्सेसमॉड हे मोफत सॉफ्टवेअर चढउतार, जमिनीचा प्रकार आणि रस्ते धरून प्रत्येक ठिकाणापासूनचा वेळ काढून देतं. फक्त त्याला ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांनी बनवलेल्या मोफत नकाशातले रस्ते जसेच्या तसे भरवू नका. नकाशात रस्ता दिसतो पण त्यावर पूल नसतो, किंवा पायवाट रोजच्या वापरातली असते पण नकाशात नसते. दोन माणसं दोन-तीन दिवस फिरवून तपासून घ्या. आणि नकाशे दोन करा, कोरड्या दिवसांचा आणि पावसापाण्याच्या दिवसांचा. निर्णय दुसऱ्या नकाशावर घ्यायचा. आजार वाढतात त्याच दिवसांत ओढे भरतात.

बसने येणाऱ्यांचा वेळ म्हणजे बसमध्ये बसलेली मिनिटं नव्हेत. तासाला एक बस असेल आणि वेळापत्रक बेभरवशाचं असेल, तर सरासरी ३० मिनिटं थांब्यावरच जातात. पूर्ण फेरी मांडून पाहा: जायला ४०, रांगेत ९०, तपासणीला १०, औषधाला २०, परतायला ५० मिनिटं. एकूण २१० मिनिटं, म्हणजे साडेतीन तास. रोजंदारीवरच्या माणसाचा अर्धा दिवस गेला, आणि सोबत कुणी आलं असेल तर दोघांचा. परतीची शेवटची बस दुपारी तीनची असेल, तर पाचपर्यंत उघडा असलेला दवाखाना त्या वस्तीसाठी दोन वाजताच बंद होतो. ही वेळ नकाशात कुठेच उमटत नाही, बस थांब्यावर उभं राहूनच कळते.

आता लोक मोजायचे. जनगणनेचे आकडे घ्या, पण ते कोणत्या वर्षाचे आणि कोणाला न मोजता केलेले, हे बघा. अनधिकृत वस्ती, बांधकामावरच्या झोपड्या, हंगामी मजुरांचे तळ हमखास निसटतात, आणि तुमचा दवाखाना नेमका त्यांच्यासाठी असतो. वर्ल्डपॉपसारखे १०० मीटरच्या चौकटींचे लोकसंख्या नकाशे कामाचे आहेत. पण मोठ्या क्षेत्राची बेरीज अंदाजाने चौकटींत वाटून ते तयार होतात, एखाद्या लहान वस्तीची खात्री त्यांच्यावरून देता येत नाही. त्यापेक्षा उपग्रहचित्रावर छपरं मोजा, ३०-४० घरांत जाऊन घरटी माणसं विचारा आणि गुणाकार करा. त्याच फेरीत गोठे, गोदामं, बंद घरं किती निघाली याचं प्रमाण काढून एकूण छपरांतून तेवढी वजा करा. हे विसरलं की लोकसंख्या फुगते.

एकक वस्तीच ठेवा. प्रभागाची किंवा तालुक्याची सरासरी घेतली की श्रीमंत भाग शेजारच्या गरीब भागाला झाकून टाकतो. हद्दीच्या रेषा थोड्या सरकवल्या तर त्याच आकड्यांतून वेगळाच भाग 'वंचित' ठरतो.

आहेत त्या दवाखान्यांची यादी तर मुळीच जशीच्या तशी घेऊ नका. प्रत्येक ठिकाणी न सांगता दोनदा जा, एकदा सकाळी, एकदा दुपारी. उघडा होता का, तपासणारं कुणी होतं का, नेहमीची औषधं होती का, फी किती आणि कोणती भाषा चालते, एवढंच टिपा. यादीतला बंद दवाखाना नकाशावर जिवंत राहिला, तर त्याच्या भोवतालची माणसं तुमच्या हिशेबातून कायमची बाद होतात. ब्रिटिश डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं होतं की चांगल्या सेवेची उपलब्धता गरजेच्या उलट दिशेने जाते. यादी तपासायला बाहेर पडलं की ते विधान पायाखाली दिसतं.

इथवरची कामं कष्टाची आहेत, पण वादाची नाहीत. खरा पेच पुढे आहे, आणि बहुतेक आराखडे तो न ओळखताच ओलांडतात. 'सगळ्यात चांगली जागा' म्हणजे कशात चांगली?

एकाच रस्त्यावर चार वस्त्या धरा. अ वस्तीत ५००० लोक. तिथून ३० मिनिटांवर ब, लोक १५००. अ पासून ६० मिनिटांवर क, लोक १०००. १०० मिनिटांवर ड, लोक ५००. दवाखाना एकच काढायचा आहे.

सगळ्यांचा मिळून प्रवास कमीत कमी व्हावा असं म्हटलं, तर उत्तर अ. सरासरी सुमारे १९ मिनिटं पडते, पण ड च्या माणसाला १०० मिनिटं चालावं लागतं. ३० मिनिटांच्या आत जास्तीत जास्त लोक यावेत असं म्हटलं, तर उत्तर ब. तिथून अ, ब आणि क मिळून ७५०० लोक टप्प्यात येतात. सरासरी २७ मिनिटं, सगळ्यात दूरच्याला ७०. आणि सगळ्यात दूरच्या माणसाचं अंतर शक्य तितकं कमी व्हावं असं म्हटलं, तर उत्तर क. कुणालाच ६० मिनिटांपेक्षा जास्त लागत नाही, पण सरासरी ४६ मिनिटांवर जाते, कारण अ मधले ५००० लोक तासभर चालतात.

आकडे तेच, रस्ता तोच, जागा तीन. पहिल्या पद्धतीला पी-मीडियन म्हणतात, तिचा पाया हकिमी या संशोधकांनी १९६४ साली घातला. दुसरी कमाल व्याप्तीची, चर्च आणि रेव्हेल या संशोधकांची, १९७४ची. तिसरी पी-सेंटर. सॉफ्टवेअर तिन्ही करून देतं, मात्र तिन्हींतली कोणती निवडायची हे ते सांगत नाही. तो निर्णय माणसांचा, आणि नकाशा उघडण्याआधीचा. बैठकीत नकाशा आधी दाखवला तर ज्याला जी जागा हवी ती देणारा निकष तो शोधून काढतो.

वंचितांसाठी दवाखाना काढायचा असेल तर माझं मत कमाल व्याप्तीच्या बाजूने आहे, पण दोन अटींसह. एक, मोजायची ती आज सेवा न मिळणारी माणसं. वरच्या उदाहरणात अ मध्ये आधीच दवाखाना असून तिथले ४००० लोक तो नीट वापरतात असं निघालं, तर अ चं वजन ५००० नाही, १००० आहे. मग पी-मीडियनचं उत्तरसुद्धा अ वरून ब वर सरकतं. दोन, टप्प्याबाहेर कोण उरलं त्यांची नावानिशी यादी करायची आणि त्यांच्यासाठी वेगळी सोय लिहून ठेवायची. 'व्याप्ती ९४ टक्के' एवढं लिहून अहवाल मिटला की उरलेले ६ टक्के दरवेळी तेच असतात.

तीन दवाखाने टप्प्याटप्प्याने काढायचे असतील तर एक सापळा आहे. पहिला सगळ्यात चांगल्या जागी, मग उरलेल्यांत चांगला, असं करत गेलं की शेवटचं चित्र बिघडतं. वरच्याच उदाहरणात सगळ्यात दूरच्याचा विचार केला तर एकट्या दवाखान्यासाठी क उत्तम. पण दोन काढायचे असतील तर उत्तम जोडी ब आणि ड, कारण मग कुणालाच ३० मिनिटांपेक्षा जास्त लागत नाही. त्या जोडीत क नाहीच. क मध्ये आधी बांधून बसलात तर दुसरा कुठेही काढा, कुणाला तरी ४० मिनिटं लागणारच. म्हणून शेवटचं चित्र आधी ठरवा, मग त्यातला पहिला कोणता उघडायचा ते बघा. हिशेबाला घाबरू नका. ४० संभाव्य जागांतून ३ निवडण्याच्या ९८८० रीती होतात, साधा संगणक त्या सगळ्या क्षणात तपासतो.

अंतराबरोबर गर्दीही धरायला हवी. दोन तपासनीस (म्हणजे रुग्ण तपासणारी माणसं) असलेल्या दवाखान्याच्या ३० मिनिटांच्या टप्प्यात १०,००० लोक असतील तर हजारी ०.२ तपासनीस पडतात. दुसऱ्या दवाखान्यात एकच तपासनीस पण टप्प्यात २००० लोक, तर हजारी ०.५. दोन्हींच्या टप्प्यात येणाऱ्या वस्तीला ०.७, एकाच्याच टप्प्यातल्या वस्तीला ०.२ किंवा ०.५. ही लुओ आणि वांग यांची २००३ची दोन पायऱ्यांची पद्धत, स्प्रेडशीटमध्ये होते. तिचा दोष असा की २९ मिनिटांवरचा माणूस आत आणि ३१ वरचा बाहेर. तो खुपत असेल तर ०-१०, १०-२० आणि २०-३० असे पट्टे करून लांबच्या पट्ट्याला कमी वजन द्या.

गरिबी, बालमृत्यू, वृद्धांचं प्रमाण अशा गोष्टींचा एकच गुणांक करण्याची पद्धत आहे. करा, पण वजनं आधी ठरवून सगळ्यांसमोर लिहून ठेवा. मग प्रत्येक वजन पाव हिश्शाने वरखाली करून पाहा. पहिल्या तीन जागा टिकल्या तर गुणांकाला अर्थ आहे. दर वेळी यादी बदलत असेल तर तुम्ही जागा मोजत नाही, वजनं मोजताय. शिवाय उत्पन्न, शिक्षण आणि घराचा प्रकार हे तिन्ही घेतले तर गरिबी तीनदा मोजली जाते आणि बाकीचं झाकोळतं.

जवळ असलं की लोक येतातच, हे तिसरं गृहीतक. अंतर वाढलं की वापर घटतो ही जुनी गोष्ट. अमेरिकेतल्या एडवर्ड जार्व्हिस यांनी मनोरुग्णालयांच्या नोंदींवरून ती १८५० सालीच दाखवली होती. तुम्हीही आहे त्या दवाखान्याच्या वर्षभराच्या नोंदवहीतून वस्तीनिहाय दर हजारी भेटी काढा आणि आलेखावर मिनिटांसमोर मांडा. ठिपके खाली उतरत जातील. बघण्यासारखे ठिपके वेगळेच असतात: जवळ असूनही ज्या वस्तीतून भेटी कमी. तिथे अडथळा अंतराचा नाही. फी असेल, भाषा असेल, वागणूक असेल, वेळ असेल. पेंचान्स्की आणि थॉमस यांनी १९८१ साली सेवा मिळण्याचे पाच पैलू सांगितले: पुरेशी असणं, पोहोचता येणं, वेळ व व्यवस्था जुळणं, परवडणं आणि मनाला पटणं. नकाशा त्यातल्या पहिल्या दोघांचं बोलतो. अशा वस्तीसाठी नवा दवाखाना काढलात तर तोही ओस पडेल.

लोकांना विचारताना 'दवाखाना कुठे हवा' असं विचारू नका, प्रत्येक जण आपल्या दाराशी म्हणणार आणि मोठ्या आवाजाचा जिंकणार. विचारा: घरात शेवटचं कोण आजारी पडलं, कुठे नेलं, कशाने नेलं, किती वेळ लागला, किती खर्च आला, सोबत कोण गेलं, आणि नेलं नसेल तर का. बायकांशी वेगळं बोला आणि त्यांच्या सोयीच्या वेळी बोला. एका वस्तीत १५-२० घरं झाली की उत्तरं पुन्हा पुन्हा तीच यायला लागतात, तिथे थांबा.

मग आकार. टप्प्यात ६००० लोक आहेत आणि वर्षाला माणशी २.५ भेटी होतील असं धरलं तर १५,००० भेटी. कामाचे दिवस २८० असतील तर रोज ५४. एका रुग्णाला १२ मिनिटं आणि प्रत्यक्ष तपासणीचे ६ तास धरले तर एक तपासनीस ३० रुग्ण बघतो, म्हणजे दोन लागतील. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी दीडपट गर्दी होते, बसायची जागा त्या हिशेबाने ठेवा. माणशी २.५ हा आकडा तुमच्या नोंदवहीतून काढा, माझा घेऊ नका. आणि पहिल्या वर्षी निम्म्याच भेटी होतील असं समजून पैशांचं गणित मांडा, लोकांना सवय व्हायला वेळ लागतो.

आता भूखंड. आराखडा इथवर नीट येतो आणि मग कुणीतरी फुकट जमीन देऊ करतं. फुकट जमीन बहुतेक वेळा वस्तीच्या कडेला असते, सखल असते किंवा कुणालाच नको असलेली असते. ती ठरलेल्या जागेपासून १२ मिनिटं लांब असेल तर येऊन-जाऊन २४ मिनिटं. १५,००० भेटींचे वर्षाला ६००० तास झाले. जमिनीची किंमत संस्थेने वाचवली आणि ती रुग्ण दरवर्षी भरत राहिले. हा आकडा बैठकीत फळ्यावर लिहा, चर्चा पटकन ताळ्यावर येते.

जागा बघायला जाताना थांब्यापासून चालत जा. शेवटच्या २००-३०० मीटरमध्ये बरंच ठरतं. संध्याकाळी दिवा आहे का, चिखल होतो का, बाई एकटी येईल का. पुराची रेषा कागदावर नको, शेजारच्या भिंतीवरच्या ओलीच्या खुणेवर बघा. रुग्णवाहिका वळते का, उतार १:१२पेक्षा तीव्र तर नाही ना, पाणी बारमाही आहे का. शेजार तपासा: पोलीस चौकी लागून असेल तर कागदपत्रं नसलेले लोक फिरकत नाहीत, दारूचं दुकान असेल तर बायका. दार भर रस्त्यावर उघडत असेल तर क्षयरोगाचा किंवा एचआयव्हीचा रुग्ण लांबच्या दवाखान्यात जातो, जिथे त्याला कुणी ओळखत नाही. एका गटाच्या मालकीच्या किंवा प्रार्थनेच्या आवारात दवाखाना काढला तर दुसरा गट येत नाही, भाडं कितीही कमी असो.

परिचारिका राहणार कुठे, हाही जागेचाच प्रश्न. तिच्यासाठी घर, पाणी, मुलांसाठी शाळा जवळ नसेल तर ती लांबून ये-जा करते. मग दवाखाना दहाला उघडतो, तीनला मिटतो, आणि काही महिन्यांत आठवड्यातून दोन दिवस उघडतो. वरच्या रुग्णालयाशी जोडही तपासा. बाळंतपणात गुंतागुंत झाली तर शस्त्रक्रियेची सोय २ तासांत गाठता यावी, ही मर्यादा नियोजनात सर्वत्र वापरतात. पावसाच्या नकाशावर ते २ तास भरतात का, ते पाहा.

ड सारख्या ५०० लोकांच्या वस्तीला स्वतंत्र दवाखाना परवडत नाही, तिथे फिरतं पथक. पण त्याचाही हिशेब करा. ७० मिनिटं जायला, ७० यायला, सामान मांडायला-आवरायला तासभर. ८ तासांच्या पाळीतले २८० मिनिटं उरले, म्हणजे २३ रुग्ण. रक्तदाब-मधुमेहाची औषधं आणि लसीकरण यांसाठी ते पुरतं, तापाने फणफणलेल्या मुलासाठी नाही. त्यासाठी वस्तीतच प्रशिक्षित आरोग्यसेविका आणि फोन हवा. पथकाचा वार एकदा ठरला की बदलायचा नाही. दोन फेऱ्या चुकल्या की लोक तिसरीला थांबत नाहीत.

पक्कं बांधकाम पहिल्या दिवशी करू नका. वर्षभर भाड्याच्या खोल्यांत चालवा, आणि नोंदवहीत गावाच्या नावाऐवजी वस्तीचा ठरलेला क्रमांक, लागलेला वेळ आणि कशाने आलात हे तीन रकाने पहिल्या रुग्णापासून ठेवा. सहा महिन्यांनी वस्तीनिहाय दर हजारी भेटी काढा. एखाद्या वस्तीतून अंदाजाच्या निम्म्याहून कमी येत असतील तर तिथे जाऊन वरचेच प्रश्न पुन्हा विचारा. बरेचदा दवाखाना हलवावा लागत नाही, आठवड्यातले दोन दिवस तो संध्याकाळी उघडा ठेवावा लागतो.